गाडी कोणाची? वऱ्हाडातील बदललेल्या जीपगाड्या आणि मालकाची जबाबदारी

परतवाड्याच्या एका दवाखान्यात २०१७ च्या ऑक्टोबरमध्ये मला एक साधा प्रश्न विचारला गेला : "गाडी कोनाची हाय?" विचारणारा तरुण आमच्या जीपमधून पडून मनगट मोडलेल्या आजीचा मुलगा होता. मी पुतण्याकडे पाहिले, कारण गाडी तो चालवत होता. पुतण्याच्या डोळ्यांपुढे मिस्त्री होता, कारण गाडी त्याने उंच केली होती. थोड्या वेळाने मी म्हणालो, "माझी." उत्तर खरे होते, पण ते देताना मी कचरलो होतो. त्या कचरण्याचा अर्थ शोधता शोधता गेली काही वर्षे मी मोटार वाहन कायदा, न्यायनिवाडे आणि गॅरेजमधले ज्ञान असे जमेल तेवढे वाचत-ऐकत आलो. हा लेख त्यातूनच आला आहे.

जीप आमच्या घरात कशी आली, ते आधी सांगतो. आमची शेती अंजनगाव सुर्जीच्या बाजूला. एका हाताला अमरावती जिल्हा, दुसऱ्या हाताला अकोट ओलांडले की अकोला. पूर्णेच्या खोऱ्यातली ही जमीन म्हणजे खोल काळी माती. कापसाला ती सोन्यासारखी, चाकाला मात्र वैरीण. या मातीतली चिकणमाती पाणी प्यायली की फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. आषाढात पांदणीने चालत गेले तर चपलेला शेर-शेर माती चिकटते. बैलगाडीचा आख टेकतो. पिके घरी येण्याच्या दिवसांतच रस्ता नाहीसा होतो. गावनकाशात पांदण असते. ती अडवली तर तहसीलदाराकडे दाद मागता येते, त्यासाठी १९०६ चा मामलेदार न्यायालय कायदा आजही वापरला जातो. पण नकाशातली पांदण आणि पायाखालची पांदण यांत एका पावसाळ्याचे अंतर असते.

म्हणून वऱ्हाडात जीप शौकाने आली नाही, गरजेने आली. विलीज कंपनीची जीप दुसऱ्या महायुद्धात १९४१ पासून मोठ्या संख्येने बनू लागली. युद्धानंतर महिंद्राने ती परवान्याखाली भारतात जोडायला आणि पुढे बनवायला घेतली. पुढची-मागची चारही चाके ओढणारी, ८० इंची चाकअंतराची ही आखूड गाडी चिखलातून निघते, घाट चढते आणि साध्या पान्यांनी खुलते. माझ्या वडिलांनी १९७८ मध्ये अकोल्यात एक जुनी पेट्रोल जीप विकत घेतली. पेट्रोल परवडेना तेव्हा १९८६ मध्ये तिला डिझेल इंजिन बसवले. त्या काळी असे इंजिन बदलणे गावोगाव चाले. वडिलांची एक गोष्ट मात्र मला फार उशिरा कळली. इंजिन बदलल्यावर त्यांनी आरटीओत जाऊन नवा इंजिन क्रमांक आणि इंधनाचा बदल नोंदणी पुस्तकात चढवून घेतला होता. शाळा चौथीपर्यंतच शिकलेल्या माणसाने जे केले, ते पस्तीस वर्षे भौतिकशास्त्र शिकवलेल्या मुलाने केले नाही.

मी २०१५ मध्ये निवृत्त झालो आणि शेताकडे पाहू लागलो. जीप चिखलात फसायची. मिस्त्रीने उपाय सांगितला तसा केला : पाट्यांच्या गठ्ठ्यात दोन-दोन पाटे वाढवले, शॅकल लांब केले, शॉकॲब्सॉर्बर लांब बसवले, आणि सुमारे २८ इंच व्यासाच्या मूळ टायरांच्या जागी ३१ इंची, खोल खाचांचे टायर घातले. मागे सहा माणसे बसतील अशी बाके वेल्डिंग करून घेतली. त्या कामात हँडब्रेकची तार आडवी आली, म्हणून ती सोडून ठेवली. "मंग लावून देतो," असे मिस्त्री म्हणाला होता. शिवाय त्याने बजावले होते, "सर, पाचशे किलोमीटर झाले का आनजा, यू-बोल्ट पुन्हा कसा लागतात. अन् येतानी गाडी धुऊन आनजा. चिखलात काई दिसत नाई." मी गेलो नाही. गाडी पांदणीतून झकास निघत होती. मला तेवढेच हवे होते.

दोन वर्षांनी, चिखलदऱ्याहून परतवाड्याकडे उतरताना, बाजाराला निघालेल्या सहा जणांना आम्ही मागे बसवले. अर्ध्या घाटात ब्रेकचे पायडल तळाला गेले. पुतण्याने प्रसंगावधान राखून गाडी दुसऱ्या गिअरमध्ये ओढली आणि दरीकडून काढून डोंगराकडच्या नालीत घासत नेऊन थांबवली. गाडी कलंडली. जीव कोणाचाही गेला नाही, पण आजीचे उजवे मनगट मोडले. त्या कापूस वेचायला खाली मैदानात येणाऱ्यांपैकी होत्या. वेचणी नुकतीच सुरू होत होती. त्या हंगामात त्यांना एक बोंडही वेचता आले नाही.

दोष सापडायला दहा मिनिटे लागली. चेसिसपासून चाकाकडे जाणारा ब्रेकचा रबरी होस मूळ लांबीचाच होता. गाडी चार इंच उंच झाली, शॉकॲब्सॉर्बर लांब झाले, म्हणजे चाक खड्ड्यात लोंबकळले की आख आता पूर्वीपेक्षा बराच खाली जातो. प्रत्येक खड्ड्यात तो होस ताणला जात होता. आधी त्याला बारीक चिरा पडल्या, मग तो फाटला. त्या पिढीच्या जीपला चारही चाकांसाठी ब्रेकचे एकच नळीमंडळ असते. आजच्या गाड्यांत ते दोन भागांत विभागलेले असते, त्यामुळे एक भाग गेला तरी दुसरा अर्धाअधिक काम करतो. आमच्याकडे एक होस गेला आणि सगळेच गेले. हँडब्रेक तर नव्हताच. आणि सर्वांत बोचणारी गोष्ट : तीन दिवस आधी मागच्या चाकाच्या आतल्या बाजूला मला ओला डाग दिसला होता. चिखल असेल म्हणून मी पुढे गेलो.

आता हिशेब मांडतो, कारण वाढीव टायर आणि उंची यांनी नेमके काय बदलते ते आपण सहसा मोजत नाही. टायरचा व्यास २८ वरून ३१ इंच झाला की ब्रेकची तीच पकड जमिनीवर जवळजवळ दहा टक्के कमी जोर देते, कारण चाकाची त्रिज्या वाढली. वेगमापकाला हे ठाऊक नसते. काटा ५० दाखवतो तेव्हा गाडी ५५ ने धावत असते. म्हणजे ब्रेक दुबळा आणि वेग अधिक, आणि चालकाला दोन्ही दिसत नाहीत.

उलटण्याचे गणितही तसेच. दोन चाकांमधले अंतर सव्वा मीटर आणि गुरुत्वमध्य ६५ सेंटिमीटरवर धरला, तर २० मीटर त्रिज्येच्या वळणावर कागदावर ताशी सुमारे ४९ किलोमीटरला गाडी उलटेल. गुरुत्वमध्य दहा सेंटिमीटर वर गेला की तीच मर्यादा ४६ वर येते. मागे उंच बाकांवर माणसे बसली आणि तो ९० सेंटिमीटरवर गेला, तर ४२. प्रत्यक्ष रस्त्यावर खड्डा, उतार आणि झटक्याने फिरवलेले स्टिअरिंग यांमुळे ही मर्यादा आणखी खाली येते. मिस्त्रीने दहा सेंटिमीटर वाढवले, उरलेले पंधरा मी माणसे बसवून वाढवले.

आणि घाट? चिखलदरा समुद्रसपाटीपासून १,११८ मीटर उंच आहे. परतवाड्यापर्यंत आपण सातशे मीटरच्या आसपास खाली येतो. माणसांसह १,७०० किलोची गाडी तेवढी खाली आली, तर जी ऊर्जा कुठेतरी जिरवावी लागते, तिच्यात सुमारे ३७ लिटर पाणी साध्या तापमानापासून उकळीला येईल. गाडी गिअरमध्ये असली तर यातला मोठा वाटा इंजिन पेलते. डिझेल वाचवायला न्यूट्रल केली, तर सगळी उष्णता चार ड्रममध्ये जाते. ब्रेक तेल हवेतली ओल शोषते. साधे डॉट-३ तेल कोरे असताना २०५ अंशांना उकळते, पण ओल शोषलेले तेल १४० च्या आसपासच उकळू शकते. तेलात वाफ झाली की पायडल मऊ पडते. न्यूट्रलमध्ये घाट उतरू नये हा जुन्या ड्रायव्हरांचा नियम अंधश्रद्धा नाही.

हे झाले यंत्राचे. कायदा काय म्हणतो? मोटार वाहन कायदा, १९८८ चे कलम ५२ सांगते की निर्मात्याने मूळ ठरवून दिलेल्या तपशिलांशी नोंदणी पुस्तकातला तपशील जुळणार नाही असा बदल मालकाने करू नये. रचनेतला, गाडीचे मूळ स्वरूप पालटणारा बदल म्हणजे 'फेरफार', अशी त्याची व्याख्या आहे. अपंग व्यक्तीसाठी गाडी जुळवून घेणे, मान्यताप्राप्त गॅस किट बसवणे अशा काही वाटा कायद्याने मोकळ्या ठेवल्या आहेत. केरळमधून आलेल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हे कलम निःसंदिग्ध शब्दांत उचलून धरले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने कलम १८२-अ आले : परवानगी नसलेला फेरफार करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक फेरफाराला पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही. पुढे लावायच्या लोखंडी गार्डबद्दलही केंद्रीय परिवहन मंत्रालयाने डिसेंबर २०१७ मध्ये राज्यांना कळवले आहे की ते कलम ५२ चे उल्लंघन ठरते. तो गार्ड पादचाऱ्याला अधिक मारतो आणि धडकेचा जोर पत्र्याने पिऊन टाकायचा तो थेट चेसिसला पोचवतो.

आपल्याकडे एक समज आहे : पांदणीत, जंगलवाटेत हा कायदा नाही, तो डांबरावर आहे. कलम २ (३४) मधली 'सार्वजनिक जागा' याची व्याख्या वाचली की हा समज टिकत नाही. रस्ता, गल्ली, वाट, मग ती रहदारीची असो वा नसो, जिथे जनतेला जाण्याचा हक्क आहे ती सार्वजनिक जागा. गावाची पांदण त्यात येते. आपल्या बांधाच्या आत आपण काहीही चालवू, पण तिथपर्यंत जायला पांदण लागतेच.

मला स्वतःला सर्वांत जास्त भिडले ते कलम १९०. दोष असलेली गाडी सार्वजनिक जागी चालवणारा, चालवायला लावणारा किंवा चालवू देणारा दोषी आहे. आणि दोष कोणता? जो त्याला माहीत होता, किंवा साधी काळजी घेतली असती तर कळला असता. हे दुसरे अर्धवाक्य वाचताना मला मागच्या चाकाचा ओला डाग आठवला. कायदा मला इंजिनिअर व्हायला सांगत नव्हता. वाकून पाहा, एवढेच सांगत होता.

शिवाय दुसरे कोणी वाकून पाहणार नव्हते, हेही ध्यानात घ्यावे. मेळघाटात सेमाडोह किंवा शहानूरला पर्यटकांना जंगलात नेणाऱ्या जिप्सींसारख्या भाड्याच्या गाड्यांना योग्यता प्रमाणपत्र लागते. गाडी आठ वर्षांची होईपर्यंत दर दोन वर्षांनी, नंतर दरवर्षी. आपण ज्याला 'पासिंग' म्हणतो ते हेच. खाजगी गाडीची नोंदणी मात्र एकदा झाली की पंधरा वर्षे चालते आणि नंतर पाच-पाच वर्षांनी नूतनीकरण होते. दोन नूतनीकरणांच्या मध्ये माझ्या जीपचा एकमेव निरीक्षक मी होतो, आणि तो कामावर नव्हता.

ब्रिटनचे उदाहरण इथे उद्बोधक आहे. तिथे चाळीस वर्षांहून जुन्या गाड्यांना २०१८ पासून वार्षिक तपासणीतून सूट मिळते, पण गेल्या तीस वर्षांत गाडीत मोठे फेरफार झाले असतील तर सूट नाही. आणि सूट मिळालेल्या गाडीचाही मालक ती रस्त्यायोग्य ठेवायला बांधलेला असतोच. तिथे बरीच वर्षे एक गुणपद्धती चालली : मूळ चेसिसला ५ गुण, सस्पेन्शन, आख, गिअरबॉक्स आणि स्टिअरिंग यांना प्रत्येकी २, इंजिनाला १. चौदापैकी आठ गुण उरले नाहीत तर गाडी जुन्या नावाने ओळखली जात नसे. यामागचा विचार मला पटतो. निर्मात्याने आखाच्या हालचालीला पुरेल एवढा होस दिला, टायरला पुरेल एवढा ब्रेक दिला; या गोष्टी एकमेकींना बांधलेल्या असतात. त्यातली एक मी बदलली की बाकीच्यांची हमी संपते. तिथून पुढे गाडी अंशतः माझी निर्मिती होते. आणि निर्मात्यावर जी जबाबदारी असते, ती तेवढ्या अंशाने माझ्यावर येते. मिस्त्री हात देतो, चालक चाक धरतो. पण बदल हवा म्हणणारा आणि त्याचा फायदा घेणारा मालक असतो.

विम्याने हे ओझे हलके होईल असे मला वाटले होते. माझ्याकडे फक्त तृतीय पक्षाचा विमा होता. खाजगी गाडीत फुकट बसवलेल्या प्रवाशाला अशा विम्यात संरक्षण नसते, हे सर्वोच्च न्यायालयाच्या २००६ च्या निकालाने पक्के झाले आहे. आपण उपकार म्हणून ज्यांना मागे बसवतो, त्यांना आपल्याखेरीज कोणाचाही आधार नसतो. आजींच्या उपचाराचा खर्च मी दिला, बुडालेल्या हंगामाची मजुरीही दिली. मजुरीचा हिशेब त्यांच्या मुलाने बोटांवर केला. तो मी लावला असता त्याहून कमी निघाला, तेव्हा मला अधिकच लाज वाटली.

त्यानंतर जीप विकून मोकळे व्हावे असे मनात आले. अकोल्याहून एक गिऱ्हाईकही आले : "पैसे आता घ्या, नावावर मंग करू." सुदैवाने तोवर मला थोडे कळू लागले होते. कलम २ (३०) नुसार ज्याच्या नावावर नोंदणी तो मालक. काही महिन्यांनी, फेब्रुवारी २०१८ मध्ये, सर्वोच्च न्यायालयाने हेच पुन्हा स्पष्ट केले : गाडी हातोहात पुढे विकली गेली तरी नोंदणीत नाव असलेलाच भरपाईला जबाबदार राहतो. हस्तांतरणाची खबर विकणाऱ्याने चौदा दिवसांत द्यायची असते. गावोगाव फिरणाऱ्या किती जुन्या जीपगाड्या आज तिसऱ्या-चौथ्या माणसाकडे असतील आणि पुस्तकात नाव मात्र कुठल्या म्हाताऱ्याचे, कधी मृताचेही असेल!

मी जीप विकली नाही. ती मूळ उंचीवर आणली, टायर मूळ मापाचे, पण चिखलाच्या खाचांचे घेतले. पांदणीत ती आता कधी कधी फसते. तेव्हा ट्रॅक्टर बोलावतो. हँडब्रेक लावून घेतला. मागची बाके काढली.

आणि तपासणी ठरवली. ती कोणत्याही मालकाला जमेल अशी आहे. आधी गाडी खालून धुवायची, कारण धुतल्याशिवाय दोष दिसत नाही. मग एकाने पायडल मिनिटभर जोरात दाबून धरायचे. ते हळूहळू खाली जात असेल तर कुठेतरी गळते आहे. दुसऱ्याने तेवढ्यात चारही चाकांच्या आतून होस पाहायचे : ओल, फुगवटा, चीर. स्टिअरिंग दोन्हीकडे पूर्ण वळवून टायर होसला किंवा पाट्याला घासतो का ते बघायचे. यू-बोल्ट कसायचे. चाक वर उचलून हाताने हलवायचे. खडखड आली तर बेअरिंग किंवा किंगपिन. वेल्डिंगच्या कडेला गंजाची बारीक रेघ दिसली तर ती चीर समजायची. चिखलासाठी टायरची हवा कमी केली असेल तर डांबरावर येण्याआधी भरायची. आणि पाट्यांना हात लावला असेल, तर दिव्यांचा झोत समोरच्याच्या डोळ्यांत जातो का तेही रात्री भिंतीवर पाहायचे. सगळ्याला तासभर लागतो.

आजींचे मनगट पुढच्या वर्षीपर्यंत बरेच सुधारले, पण पूर्ण वळत नाही. वेचणीत दोन्ही हात चालावे लागतात, म्हणून आता त्या निंदणाला जातात. मजुरी कमी पडते. ही नुकसानी माझ्या कुठल्याही हिशेबात भरून निघालेली नाही.

पुतण्या आता महिन्याच्या पहिल्या रविवारी तपासणी करतो आणि जीपच्या खणातल्या वहीत तारीख घालून लिहून ठेवतो. वहीच्या पहिल्या पानावर माझ्याच अक्षरात एक ओळ आहे : मागचा डावा होस बदलला. खाली मालक म्हणून माझी सही. गेल्या महिन्यात त्याने विचारले, "काका, सही मी करू का आता?" मी म्हटले, आधी आरटीओत जाऊन गाडी नावावर करून घे, मग कर.